कोरामाईनची चिठ्ठी

१९७४ सालच्या श्रावणातली रात्र. साडेअकरा वाजून गेले होते. सदाशिव पेठेतल्या एका खासगी हॉस्पिटलच्या लाकडी जिन्यावरून मी धावत खाली उतरलो, तेव्हा माझ्या मुठीत एक चिठ्ठी होती. डॉक्टरांच्या त्या अक्षरात मला एकच शब्द लागला होता : कोरामाईन. माझं वय तेव्हा पंधरा. सायकलला दिवा नव्हता, पाऊस भुरभुरत होता. लक्ष्मी रस्त्यावरची औषधांची दोन दुकानं बंद. तिसऱ्या दुकानाचे मालक वरच राहायचे. त्यांचं दार मी इतक्या जोरात वाजवलं, की समोरच्या वाड्यातले लोक गॅलरीत आले. मालक बनियनवरच खाली उतरले, एक शब्दही न बोलता त्यांनी दुकान उघडलं आणि दोन अँप्यूल कापसात गुंडाळून माझ्या हातात ठेवल्या. पैसे काढायला लागलो तर म्हणाले, "उद्या. आधी पळ."

अण्णांना इंजेक्शन दिलं गेलं. त्यांचा मंदावलेला श्वास एकदम भराभर चालू लागला, चेहऱ्यावर लाली आली, डोळे उघडले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, असं आई पुढे आयुष्यभर सांगत असे. मला तसं आठवत नाही. दहा-पंधरा मिनिटांत श्वास पुन्हा पहिल्यासारखाच झाला. दुसरी अँप्यूल दिली, पुन्हा तसंच. पहाटे चारच्या सुमाराला ते गेले.

सहाच दिवसांपूर्वी त्यांच्या पोटातला अल्सर फुटला होता आणि रातोरात ऑपरेशन करावं लागलं होतं. ऑपरेशन उत्तम झालं असं सगळेच म्हणत होते. मग आमच्या घराने आपल्या पद्धतीने त्यांची काळजी घ्यायला सुरुवात केली. आत्या उशाशी स्टूल टाकून बसली. कोणी मोठ्याने बोललं तरी ती डोळे वटारायची. अण्णांना कूस बदलू द्यायची नाही, उठून बसू द्यायचं नाही, त्यांना पडू द्यायचं. त्यांना खोकला यायचा, चारमिनार ओढणाऱ्या माणसाचा ओला खोकला, की आत्या छातीवर हात ठेवून म्हणायची, "दाबून धर रे, टाके उसवतील." आणि तेही शहाण्या मुलासारखे खोकला दाबून धरायचे. तिसऱ्या दिवशी ताप आला. पाचव्या दिवशी डॉक्टरांनी न्युमोनिया हा शब्द उच्चारला. पांढऱ्या मानेचं काळं नळकांडं खोलीत आलं. आणि सहाव्या रात्री ती चिठ्ठी.

त्यानंतर पंचेचाळीस वर्षं मी मनातल्या मनात एकच हिशेब करत आलो. पहिल्या दुकानापाशी चार मिनिटं गेली, दुसऱ्यापाशी तीन. सायकलला दिवा असता तर कदाचित आणखी जोरात मारता आली असती. कोरामाईन पाच मिनिटं आधी पोचलं असतं तर?

आजच्या तरुण वाचकांना कोरामाईन या शब्दातली जादू कळायची नाही. आमच्या लहानपणी तो शब्द ऐकला की घरात सगळे गप्प व्हायचे. 'कोरामाईन दिलं' याचा अर्थ गोष्ट शेवटाशी आली. त्याआधीच्या पिढीत हे स्थान हेमगर्भाच्या मात्रेचं होतं. सोनं, पारा, गंधक वगैरेंची ती घट्ट गोळी; रेशमी कापडात बांधून वितळलेल्या गंधकात शिजवायची आणि वेळ आली की सहाणेवर आल्याच्या रसात उगाळून मधातून चाटवायची. माझ्या आजीच्या फडताळात एका पितळी डबीत ती असे. हेमगर्भ दिला की माणूस घटकाभर शुद्धीवर येतो, बोलतो, हवं तर मृत्युपत्रावर सही करतो, असा समज. अण्णांच्या वेळी आजीने ती डबी आणलीही होती. डॉक्टरांनी मानेनेच नको म्हटलं आणि चिठ्ठी लिहिली. डबी आणि चिठ्ठी यांतली कल्पना मात्र एकच होती, हे समजायला मला साठी गाठावी लागली. विझत चाललेल्या माणसाला बाहेरून एक ठिणगी द्यायची.

२०१९ मध्ये, बँकेतून निवृत्त होऊन जेमतेम चार महिने झाले असताना, माझ्या पित्ताशयाने उचल खाल्ली. ऑपरेशन ठरलं. मला सुरीची भीती नव्हती, श्वासाची होती. लिहिणारा माणूस घाबरला की वाचत बसतो. मीही बसलो, आणि वाचता वाचता आमच्याच गावातल्या एका रात्रीपाशी थांबलो.

पुण्यातलं सर्वांत प्रसिद्ध ऑपरेशन म्हणजे ससूनमधलं. १२ जानेवारी १९२४. येरवड्याच्या तुरुंगात असलेल्या गांधीजींचं अपेंडिक्सचं दुखणं विकोपाला गेलं आणि त्यांना ससूनमध्ये हलवण्यात आलं. मुंबईचे त्यांच्या विश्वासातले डॉक्टर वेळेवर पोचण्यासारखे नव्हते. सर्जन होते कर्नल मॅडॉक. सरकारी कैदी, सरकारी सर्जन, आणि काही बरंवाईट झालं तर देश पेटेल ही धास्ती. म्हणून सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीच्या श्रीनिवास शास्त्रींना बोलावणं गेलं, गांधीजींच्या संमतीचं निवेदन तयार झालं. त्यावर पेन्सिलीने सही करताना हात थरथरला, आणि तो कसा थरथरतो आहे हे त्यांनी गमतीने सर्जनलाच दाखवलं. ऑपरेशन चालू असताना वादळामुळे वीज गेली. मग नर्सच्या हातातला टॉर्चही विझला. शेवटचं काम कंदिलाच्या उजेडात पार पडलं.

ही हकिकत आपण नेहमी सर्जनच्या बाजूने ऐकतो. मला मात्र उशाशी उभं राहून क्लोरोफॉर्म देणाऱ्या माणसाची आठवण येत राहिली. आज आपल्या बोटाला जो चिमटा लावतात तो त्याच्याकडे नव्हता, पडद्यावरची हिरवी रेघ नव्हती. दिवा गेल्यावर रोग्याच्या ओठांचा रंगही दिसत नसणार. कळण्यासारखी एकच गोष्ट उरली असेल : श्वासाचा आवाज. श्वासावरून नजर हलवू नका, हा धडा आपल्या शेजारच्या हैदराबादेत पस्तीस वर्षं आधी गिरवला गेला होता. तिथले सर्जन एडवर्ड लॉरी यांनी निजामाच्या खर्चाने क्लोरोफॉर्म कमिशन नेमवलं. शेकडो कुत्र्यांवर आणि माकडांवर प्रयोग करून त्या कमिशनने सांगितलं, की क्लोरोफॉर्मने आधी श्वास थांबतो, हृदय नंतर. हा निष्कर्ष पुढे अपुरा ठरला. हृदयही अचानक दगा देऊ शकतं हे १९११ साली लंडनच्या गुडमन लेव्ही यांनी दाखवून दिलं. पण श्वासाकडे लक्ष ठेवण्याची सवय काही वाया गेली नाही.

आणि श्वास मंदावलाच तर? त्या काळच्या डॉक्टरांच्या पेटीत कुचल्यातून काढलेलं स्ट्रिकनीन असे, तेलात विरघळवलेल्या कापराचं इंजेक्शन असे, कॅफीन असे. कोरामाईन याच १९२० च्या दशकात स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीने आणलं. गांधीजींना यातल्या कशाची गरज पडली असं कुठे वाचनात आलं नाही. ५ फेब्रुवारीला सरकारने त्यांची सुटका केली. जखम रेंगाळली, त्यामुळे मार्चपर्यंत ते ससूनमध्येच राहिले आणि मग जुहूला गेले.

ऑपरेशनच्या चार दिवस आधी मला भूलतज्ज्ञांकडे पाठवलं. चाळिशीच्या बाई होत्या. दम लागतो का, किती जिने चढता, दातांची कवळी आहे का, असं सगळं विचारून झाल्यावर त्या म्हणाल्या, "तुम्हाला काही विचारायचंय?"

मी विचारलं, "श्वास मंदावला तर तुमच्याकडे कोरामाईन असतं ना?"

त्या हसल्या. "कोरामाईन? काका, ते मी फक्त पुस्तकात वाचलंय."

मग त्यांनी समजावून सांगितलं, आणि मी घरी येऊन आणखी वाचलं. कोरामाईन, म्हणजे निकेथामाईड, मेंदूच्या तळाशी असलेल्या श्वासाच्या केंद्राला डिवचतं. पण ते एकट्या त्या केंद्राला डिवचत नाही, सगळ्या मेंदूलाच डिवचतं. श्वास वाढवणारा डोस आणि झटके आणणारा डोस यांत अंतर फार थोडं. आता हे औषध मुख्यतः उत्तेजकांच्या यादीत भेटतं. २०१३ साली मारिन चिलिच हा टेनिसपटू निलंबित झाला तो त्यापायीच. मोनॅकोमधल्या औषधाच्या दुकानातून आणलेल्या ग्लुकोजच्या गोळ्यांत ते होतं. ज्याच्यासाठी मी मध्यरात्री दार बडवलं, त्याची ही गत.

या औषधांवरचा विश्वास उडाला तो मुख्यतः कोपनहेगनमध्ये. झोपेच्या गोळ्या जास्त घेतलेल्या रोग्यांना तेव्हा जगभर अशीच उत्तेजक इंजेक्शनं टोचली जात. दुसऱ्या महायुद्धानंतर क्लेमेसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती बंद केली. श्वासाचा मार्ग मोकळा ठेवायचा, ऑक्सिजन द्यायचा, रक्तदाब सांभाळायचा, रोग्याची कूस बदलत राहायची आणि औषधाचा अंमल आपोआप उतरण्याची वाट पाहायची, एवढंच. आधी शंभरातले वीसएक दगावत, ते प्रमाण एक-दोनवर आलं. डिवचणं थांबवलं आणि माणसं वाचली. हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही.

अशी औषधं संपली असं मात्र नाही. १९६० च्या दशकात डॉक्साप्रॅम आलं. मानेतल्या मोठ्या रक्तवाहिनीला जिथे फाटा फुटतो तिथे तांदळाच्या दाण्याएवढा एक पिंड असतो. रक्तातला प्राणवायू सतत चाखत बसणं हे त्याचं काम. डॉक्साप्रॅम त्या पिंडाला खोटीच वर्दी देतं, की प्राणवायू कमी पडतोय. मेंदू घाबरून श्वास वाढवतो. शिरेतून दिलं की अर्ध्या मिनिटात परिणाम सुरू आणि पाच ते बारा मिनिटांत खलास. १९७० च्या दशकात मोठ्या ऑपरेशननंतर हे औषध देऊन फुफ्फुसांचे विकार टाळता येतात का, असे प्रयोग ब्रिटनमध्ये झाले. सरसकट वापरण्याची पद्धत मात्र रुजली नाही. एक तर रक्तदाब आणि नाडी वाढते, रोगी बेचैन होतो. शिवाय जोरात श्वास घ्यायचा तर छातीच्या स्नायूंनाही जास्त प्राणवायू लागतो. आमच्या बँकेच्या भाषेत हा ओव्हरड्राफ्ट झाला. पैसे हातात येतात खरे, पण व्याज त्याच क्षणी सुरू होतं.

बाई म्हणाल्या, "भुलीतून बाहेर येताना एखादा रोगी श्वास घ्यायचा आळस करतो, तेव्हा दहा मिनिटांचा आधार म्हणून असं औषध कधीतरी उपयोगी पडतं. मॉर्फिन जास्त झालं असेल तर त्याचा उतारा नॅलॉक्सोन वेगळा. दिवस भरण्याआधी जन्मलेली बाळं श्वास घ्यायला विसरतात, त्यांना कॅफीन देतात आणि ते फार छान काम करतं. पण तुमच्यासारख्या पोटाच्या रोग्याचा मेंदू श्वास घ्यायला विसरलेला नसतो. त्याला दुखत असतं, म्हणून तो उथळ घेतो. तिथे मेंदूला डिवचून काय करणार?"

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती मला कादंबरीत वापरावीशी वाटली. आपण सगळे तासाला दहा-बारा वेळा नकळत सुस्कारा टाकतो. दुःख नसलं तरी. नेहमीचा श्वास अर्ध्या लिटरचा. त्याने फुफ्फुसाच्या तळाचे फुगे हळूहळू मिटत जातात. सुस्कारा येतो आणि ते पुन्हा उघडतात. भुलीत आणि वेदनेत हे सुस्कारे बंद पडतात. बरगडीखाली छेद घेतला की श्वासपटलही नीट हलत नाही. दीर्घ श्वासाची ताकद पहिल्या दिवशी जवळजवळ निम्म्यावर येते. त्यात रोगी उताणा पडून राहिला, खोकला दाबू लागला, की मिटलेल्या भागात कफ साचतो, कफात जंतू वाढतात. चौथ्या-पाचव्या दिवशी ताप.

हे ऐकताना मला आत्याचं स्टूल दिसत होतं.

माझं ऑपरेशन दुर्बिणीतून करायचं ठरलं होतं. आत सगळं चिकटलेलं निघालं, म्हणून शेवटी पोट उघडावं लागलं. जाग आली तेव्हा उजव्या बरगडीखाली वीतभर पट्टी होती आणि श्वास घशापर्यंत येऊन परत जात होता. पाठीत बारीक नळी घालून वेदना कमी करण्याची सोय केली होती. वेदना कमी असेल तरच माणूस खोल श्वास घेईल, आणि गुंगीची औषधं जितकी कमी तितका मेंदू जागा राहील, असा त्यामागचा हिशेब.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता एक मुलगी आली. फिजिओथेरपिस्ट. वय पंचवीसच्या आतलं, केसांना रबर, आवाज शाळेतल्या बाईंचा. "चला काका, बसायचं." तिने माझ्या पोटावर उशी दिली. "ही दोन्ही हातांनी घट्ट धरा. टाक्यांवर दाबा. आता खोका."

सौभाग्यवती पुढे झाल्या. "अगं, रात्रभर त्यांचा डोळा लागला नाहीये. थोडं झोपू दे ना. आणि टाके..."

"काकू, हे झोपले की फुफ्फुसंही झोपतात. टाके नाही उसवत. उशी त्यासाठीच आहे."

मी खोकलो. वेदनेने डोळ्यांत पाणी आलं आणि बरोबर पिवळट कफाचा एक गोळा. तिने तो पाहिला आणि परीक्षेत चांगले मार्क पडल्यासारखी खूश झाली. मग तीन चेंडूंचं ते प्लॅस्टिकचं यंत्र दिलं. नळी तोंडात धरून हवा आत ओढायची आणि चेंडू वर ठेवायचे. पहिल्या दिवशी एक चेंडू कसाबसा हलला. खरं सांगायचं तर या यंत्राचा एकट्याचा फायदा पाहण्यांमध्ये नीटसा सिद्ध झालेला नाही, हे मला भूलतज्ज्ञ बाईंनीच सांगितलं होतं. पण चेंडू दिसतो म्हणून माणूस श्वास घेतो, हेही खरं. संध्याकाळी तिने मला खुर्चीत बसवलं, तिसऱ्या दिवशी कॉरिडॉरमध्ये चालवलं. हातात लघवीची पिशवी धरून मी खिडकीपर्यंत गेलो आणि परत आलो. सौभाग्यवती शेजारून चालत होत्या; त्यांना हे सगळं पटलेलं नव्हतं.

चौथ्या दिवशी भूलतज्ज्ञ बाई पाठीतली नळी काढायला आल्या तेव्हा मी त्यांना अण्णांची हकिकत सांगितली. दुकानं, सायकल, चिठ्ठी, सगळं. आणि विचारलं, "पाच मिनिटं आधी पोचलो असतो तर?"

त्यांनी लगेच उत्तर दिलं नाही. पलंगाच्या कडेला टेकल्या. "मी तिथे नव्हते, त्यामुळे छातीठोकपणे नाही सांगता येणार. पण अल्सर फुटलेला, वरच्या पोटावर छेद, सिगारेट आणि पाच दिवस उताणे. तळाची फुफ्फुसं दुसऱ्याच दिवशी मिटायला लागली असणार. सहाव्या रात्री ते दमले होते काका. दमलेल्या माणसाला चाबूक मारून किती पळवणार? पाच मिनिटं काय, तासभर आधी इंजेक्शन मिळालं असतं तरी मला नाही वाटत काही वेगळं झालं असतं."

मला रडू आलं, आणि टाके दुखले, म्हणून मी उशी धरली. त्या काही बोलल्या नाहीत.

त्यांच्या उत्तराने माझी सुटका झाली खरी, पण पूर्ण नाही. माझ्या सायकलवरचा आरोप उतरला आणि तो आत्याच्या स्टुलाकडे गेला. आत्याने त्या सहा दिवसांत अन्न असं घेतलं नव्हतं. तिच्या प्रेमाबद्दल मी काय बोलणार? तेव्हा तिला कोणी सांगितलंच नव्हतं. पोटाच्या ऑपरेशननंतर रोग्याला लवकर उठवा, असं तेव्हाही वैद्यकात माहीत होतं. पण ते ज्ञान जिना चढून आमच्या खोलीपर्यंत आलं नव्हतं. आम्हाला मिळाली ती फक्त चिठ्ठी.

घरी आल्यावर वाचण्याची खोड गेली नव्हती. २०१८ साली प्रसिद्ध झालेली ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधली एक पाहणी हाती लागली. वरच्या पोटाचं ऑपरेशन व्हायचं असलेले ४४१ रोगी. त्यांतल्या निम्म्यांना नुसती माहितीपुस्तिका दिली. उरलेल्यांना पुस्तिकेबरोबर, ऑपरेशनच्या आधी, फिजिओथेरपिस्टने अर्धा तास भेटून शिकवलं : फुफ्फुसं का मिटतात, श्वास कसा घ्यायचा, शुद्धीवर आल्या आल्या कुठला व्यायाम सुरू करायचा. ऑपरेशननंतर दोन आठवड्यांत पहिल्या गटात २७ टक्क्यांना फुफ्फुसाचा विकार झाला, दुसऱ्या गटात १२ टक्क्यांना. औषध नाही, यंत्र नाही. अर्धा तास बोलणं, तेही आधी. नंतर, दुखत असताना, ग्लानीत, माणूस काय शिकणार? मला तरी त्या मुलीने काय सांगितलं त्यातलं पहिल्या दिवशी निम्मंच कळलं होतं.

परवा आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ घरी आले होते. वय एकाहत्तर. आतड्याचं ऑपरेशन ठरलंय. खुर्चीत बसून चहा पिताना हळूच म्हणाले, "हॉस्पिटलमध्ये सगळी इंजेक्शनं असतात ना हो? रात्री-अपरात्री पळापळ नको मुलांना."

मी आत जाऊन दिवाणावरची उशी आणली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली.

"ही पोटाशी घट्ट धरा," मी म्हटलं. "आणि खोका."

त्यांनी कप खाली ठेवला. "आत्ता? अहो, ऑपरेशन सोमवारी आहे."

"म्हणून तर आत्ता. वहिनींनाही बोलावून घ्या वरून. त्यांनाही हे बघू दे."